रोख जळगावला, उधारी जामनेरला

(राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या निमित्ताने जामनेर येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याची आठवण म्हणून हा दिवस देशभर ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. या दिवशी वजनमापातील लबाडी, भेसळ, फसव्या जाहिराती आणि तक्रार निवारणाची यंत्रणा यांची चर्चा होते, आणि ती आवश्यकच आहे. परंतु तक्रारीची वेळ येण्याच्या कितीतरी आधी ग्राहक एक निर्णय घेतो आणि त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. तो निर्णय म्हणजे, कोणत्या दुकानाची पायरी चढायची. हा निर्णय वरवर पाहता घरगुती असतो. प्रत्यक्षात एखाद्या गावाची पेठ उभी राहणार की ओस पडणार, हे त्यावरच ठरते.

जामनेरमधील एखादे मध्यमवर्गीय घर डोळ्यांसमोर आणावे. कर्ता पुरुष शाळेत किंवा कचेरीत नोकरीला, जोडीला थोडी शेती, घरात म्हातारे आईवडील आणि शिकणारी दोन मुले. या घरातील भाजी आठवडे बाजारातून येते. महिन्याचा मोठा किराणा, पगार झाल्यानंतरच्या रविवारी, जळगावच्या एखाद्या भव्य दालनातून येतो. मुलाचे बूट आणि मोबाईलचे साहित्य घरबसल्या मागवले जाते. मग महिन्याच्या वीस तारखेला साखर संपते, पाहुणे येतात, खिशात पैसे नसतात; तेव्हा धाकट्याला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात पिटाळले जाते आणि निरोप दिला जातो, ‘मांडून ठेवायला सांग.’

या चित्रात कोणीही दोषी नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणच केले आहे. पण या शहाणपणाची बेरीज केली तर एक विचित्र उत्तर येते. रोख पैसा जळगावला जातो आणि उधारी जामनेरला राहते. आजचा सारा विषय या एका वाक्यात सामावलेला आहे.

वहीवरचा विश्वास

खानदेशातील पेठेची घडी कापसाच्या हंगामावर बसलेली होती. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याच्या हाती पैसा नसे. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की पैसा येई. मधले चार-पाच महिने घर चालवायचे कसे? त्याचे उत्तर दुकानदाराच्या वहीत होते. अखाजीला सालदाराचे साल ठरे आणि त्याच्या घरच्या धान्यमिठाची जबाबदारीही पुष्कळदा मालकाच्या शब्दावर कोणा दुकानदाराकडे जाई. बँक ज्याला दारात उभे करत नव्हती त्याला वाणी उभे करत होता. तारण कशाचे? तर ओळखीचे. बाप कोण, शेत कोठे, गेल्या वर्षी पैसे केव्हा फेडले, एवढीच चौकशी पुरत असे.

ही व्यवस्था निर्दोष होती असे समजण्याचे कारण नाही. उधारीवर नेणाऱ्याला भाव विचारण्याची सोय नव्हती. माल निवडीचा मिळेल की तळाचा, हेही दुकानदाराच्या मर्जीवर असे. वहीत काय लिहिले ते वाचता न येणाऱ्यांची संख्या मोठी होती आणि मापात पाप करणारे तेव्हाही होते. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही त्याच गावात जन्मत, त्याच गावात मरत आणि एकमेकांच्या मयतीला व लग्नाला जात. फार मोठी लबाडी करून गावात तोंड दाखवणे दोघांनाही कठीण होते. समाजाचा हा धाक कोणत्याही कायद्यापेक्षा जवळचा होता.

अंतर कमी झाले

ग्राहक कोणत्या गावी खरेदीला जातो याचा नियम बांधण्याचा प्रयत्न अमेरिकेतील विल्यम रायली या अभ्यासकाने १९३१ साली केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मोठे शहर ग्राहकाला आपल्याकडे खेचते आणि अंतर त्याला अडवते. शहर जितके मोठे तितकी ओढ अधिक. पण अंतर दुप्पट झाले की ओढ निम्मी नव्हे, चौथाईवर येते. गुरुत्वाकर्षणाच्या नियमावरून बेतलेला हा आडाखा जामनेर तालुक्याला चपखल बसतो. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ६० हजार होती आणि जामनेरची साधारण त्याच्या एक दशांश. म्हणजे ओढ जळगावची. जामनेरच्या पेठेचे रक्षण केले ते अंतराने.

हे अंतर किलोमीटरमध्ये आजही तेवढेच आहे. परंतु वेळेत आणि पैशांत ते आटले आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास सुरू झालेली पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी शेंदुर्णी, पहूरची माणसे घेऊन सावकाश चाले. बाजारहाटाला निघालेली माणसे त्या गाडीने गावोगाव उतरत. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि पुढे रुंदीकरणाच्या प्रतीक्षेत राहिली. दरम्यान रस्ता मोठा झाला. पहूर आणि वाकोद ही गावे जळगाव-अजिंठा हमरस्त्यावर आहेत. तेथल्या माणसाने हात केला की जळगावची बस मिळते. तालुक्याच्या गावाला वळसा घालण्याचे कारण उरत नाही. त्यात १७ मार्च २०२३ पासून एस.टी.ने महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत दिली आणि त्यापूर्वी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास दिला. या सवलती माहेरी जाण्यासाठी, दवाखान्यासाठी, देवदर्शनासाठी उपयोगी पडल्याच. पण घरातील खरेदीचा निर्णय जिच्या हाती असतो त्या गृहिणीसाठी जळगावची पेठ त्यांनी निम्म्या अंतरावर आणून ठेवली, हे सहसा लक्षात येत नाही.

काही खरेदीसाठी जळगाव पूर्वीपासूनच ठरलेले होते. लग्नाचा बस्ता बांधायचा तर फुले मार्केट आणि सोने घ्यायचे तर जळगावचा सराफ बाजार, ही तालुक्याची रीत जुनी आहे. सोन्यासाठी माणूस चाळीस काय, दोनशे किलोमीटर जातो. कारण तेथे प्रश्न दोन रुपयांचा नसतो, शुद्धतेचा असतो. जळगावच्या सोन्याने जे नाव मिळवले ते सजावटीवर नव्हे, कसावर. पुढे १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला आणि जी हमी पेढीच्या नावाने मिळत होती ती शिक्क्याने मिळू लागली. यातून एक बोध घेण्यासारखा आहे. ग्राहक स्वस्ताच्या मागे जातो असे म्हणतात ते अर्धेच खरे. जेथे खात्री आहे तेथे तो घडणावळ अधिक देऊनही जातो.

दुकान बदलले, कारण स्वयंपाकघर बदलले

पूर्वी बदल होत असे तो सणासुदीच्या कापडात. आता बदलले आहे ते रोजचे ताट. केंद्र सरकारच्या कुटुंब खर्च पाहणीतील एक आकडा मोठा बोलका आहे. १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चात धान्याचा वाटा सुमारे २२ टक्के होता. २०२२-२३ मध्ये तो ५ टक्क्यांच्या आत आला. त्याच पाहणीत तयार खाद्यपदार्थ व पेये यांचा वाटा ९ टक्क्यांच्या पुढे गेला, म्हणजे धान्याच्या जवळजवळ दुप्पट. धान्य स्वस्त दुकानातून किंवा मोफत मिळू लागले, उत्पन्न वाढले आणि आवडी बदलल्या, ही कारणे उघड आहेत. पण दुकानदाराच्या दृष्टीने याचा अर्थ काय झाला?

अर्थ असा की त्याचे कसब निरुपयोगी झाले. दादर कोणत्या शिवारातली, हरभरा किती वाळलेला, तूरडाळ कोणत्या गिरणीची, कळण्यासाठी ज्वारीत उडीद किती घालायचे, हे ज्ञान वाण्याजवळ होते. गिऱ्हाईक त्या ज्ञानासाठी त्याच्याकडे येई. आता पाकीट बंद आहे. साबण, बिस्किटे, चहा, मसाला जामनेरच्या फळीवर तेच, जळगावच्या दालनात तेच आणि मोबाईलच्या पडद्यावरही तेच. वस्तू एकच असेल तर तुलना उरते ती किमतीची. पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. कायद्याने ती कमाल आहे; त्याहून कमी घेण्यास कोणाचीही आडकाठी नाही. पण छोट्या दुकानात ती किंमत बहुधा अखेरची मानली गेली आणि मोठ्या दालनाने तीच किंमत खोडून खाली दुसरी लिहिली. लढाईचा निकाल तेथेच लागला.

१९८० च्या दशकात तामिळनाडूतून शांपूच्या छोट्या पुड्या निघाल्या आणि बघता बघता देशभर पसरल्या. ज्याला बाटली परवडत नव्हती त्याला एक दिवसाचा माल परवडू लागला. आज गल्लीतील दुकानाच्या दारावर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा हे त्या दुकानाचे खरे बलस्थान आहे. बाटली जळगावहून येते, पुडी जामनेरहून. अर्थात ज्याच्याजवळ महिन्याचा पैसा एकरकमी आहे तो स्वस्त घेतो आणि ज्याच्याजवळ रोजची मजुरी आहे तो तीच वस्तू थोडी थोडी करून महाग घेतो. बाजाराचा हा अन्याय दुकानदाराने निर्माण केलेला नाही. पण बोल मात्र त्याला लागतो.

फळीच्या अलीकडे, फळीच्या पलीकडे

मोठ्या दालनाच्या आकर्षणाचे आणखी एक कारण आहे आणि त्याचा उच्चार पेठेतील मंडळींना कदाचित रुचणार नाही. जुन्या दुकानात गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे आणि माल पलीकडे. काय पाहिजे ते बोलून सांगावे लागे. बोलणारा कोण आहे यावर मालाची प्रत, आवाजाची पट्टी आणि थांबण्याचा वेळ ठरे. पांढऱ्या कपड्यांतील पाहुणा आला की शेतमजूर बाई बाजूला सारली जाई. लहान मुलगा मागे राही. दहा रुपयांचे तेल मागणाऱ्याकडे कोणी मान वर करून पाहत नसे. दालनात असे घडत नाही. तेथे माल हातात घेता येतो, उलटून वाचता येतो, परत ठेवता येतो आणि ‘घ्यायचे नसेल तर हात लावू नका’ असे कोणी म्हणत नाही. पैसे देण्याच्या रांगेत मालक आणि मजूर एकामागे एक उभे असतात.

सामाजिक समरसतेविषयी व्याख्याने पुष्कळ होतात. पण ज्या भगिनीला आयुष्यभर ‘थांब जरा’ हेच ऐकावे लागले तिला त्या दालनातील दहा मिनिटे सन्मानाची वाटली असतील, तर तिच्या निवडीला चंगळवाद म्हणून हिणवण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? हा सन्मान आपल्या गावातील दुकानात तिला मिळायला एक पैसाही खर्च येत नव्हता. स्वदेशीच्या नावाने तिला परत बोलावण्याआधी हे ऋण मान्य करायला हवे.

उधारीचे व्याज कोण भरते?

आता पैशाचा हिशेब. मोठे दालन स्वस्त देते ते धर्मादाय म्हणून नव्हे. ते कंपनीकडून थेट आणि गाड्यांच्या हिशेबाने माल घेते, लवकर पैसे देऊन अधिक सूट मिळवते, माल थोड्या दिवसांत खपवते आणि विकतानाही रोख घेते. जामनेरच्या दुकानदाराचा माल जळगावच्या दाणा बाजारातून किंवा वितरकाकडून येतो. मधल्या प्रत्येकाचा वाटा त्यात असतो. तरीही जागा घरची, राबणारी माणसे घरची आणि दिव्यांचा झगमगाट नाही, त्यामुळे त्याचा खर्चही कमी असतो. यावरून दोघांतील अंतर भरून निघायला हवे होते. ते निघत नाही, याचे मुख्य कारण उधारी.

समजा, एका दुकानदाराची २ लाख रुपयांची उधारी गावात कायम अडकलेली आहे. वर्षाला १२ टक्के व्याज धरले तर हा पैसा त्याला २४ हजार रुपयांना पडतो. बुडीत निघणारी रक्कम वेगळीच. हे २४ हजार तो वहीवर व्याज म्हणून लिहीत नाही. लिहिले तर गिऱ्हाईक तुटेल. मग तो ते मालाच्या भावात मिसळतो. म्हणजे उधारी करणाऱ्याच्या व्याजाचा भार रोख देणाऱ्याच्या माथी बसतो. रोख देणारा हे जाणतो, निदान त्याला ते जाणवते, आणि तो जळगावची वाट धरतो. तो गेला की मागे उधारीवालेच उरतात. तेवढ्याच व्याजाचा भार कमी विक्रीवर पडतो, भाव आणखी चढतो आणि आणखी काही रोखीचे ग्राहक निघून जातात. या चक्रात दुकान एका दिवसात बंद पडत नाही. आधी फळीवरचा माल विरळ होतो, मग तारीख उलटलेली पाकिटे दिसू लागतात, मग मुलगा पुण्याला नोकरीला जातो आणि शेवटी एक दिवस फळ्या उघडल्याच जात नाहीत.

ग्राहकाचा हिशेबही एकदा कागदावर मांडावा. समजा, ४ हजार रुपयांच्या किराण्यावर ८ टक्के वाचले. म्हणजे ३२० रुपये. त्यातून दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे, मुलांचे खाणे आणि यादीत नसताना टोपलीत पडलेल्या चार वस्तू वजा कराव्यात. पुष्कळदा बाकी शून्याच्या खाली जाते. ज्या घरात शिस्त आहे, यादीबाहेर हात जात नाही आणि जळगावला दुसरे कामही असते, त्या घरी बचत खरोखर होते. इतरांच्या घरी सहल होते. सहल करण्यात गैर काही नाही. फक्त तिला बचत म्हणू नये.

दार अडवले, खिडकी उघडी राहिली

किरकोळ व्यापारात परकीय भांडवल यावे की नाही, यावर देशात मोठा संघर्ष झाला. सप्टेंबर २०१२ मध्ये तत्कालीन केंद्र सरकारने बहुविध वस्तूंच्या दुकानांत ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा दिली. २० सप्टेंबर रोजी भारत बंद झाला आणि ५ डिसेंबर रोजी लोकसभेत मतदान होऊन सरकारची बाजू २५३ विरुद्ध २१८ मतांनी तरली. १९९१ साली दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या स्वदेशी जागरण मंचाने आणि व्यापारी संघटनांनी या धोरणाविरुद्ध देशभर आवाज उठवला. पुढे राज्याराज्यांतील विरोधामुळे परदेशी नावाची महाकाय दुकाने गावोगाव उभी राहिली नाहीत. तो लढा वाया गेला नाही.

मात्र दार अडवले तरी खिडकी उघडी राहिली. २०१८ साली अमेरिकेच्या वॉलमार्टने १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टमधील सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला. जी कंपनी जामनेरच्या चौकात दुकान थाटू शकली नाही ती जामनेरच्या प्रत्येक खिशात जाऊन बसली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन बाजारपेठांवरील निर्बंध कडक केले ते योग्यच झाले. पण सरकार नियम करू शकते; बोट कोठे टेकवायचे ते ग्राहकच ठरवतो. १९०५ च्या दसऱ्याला सावरकरांच्या पुढाकाराने पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. डिसेंबर १९३६ मध्ये याच जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, तेव्हा खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन हा त्याचा महत्त्वाचा भाग होता. त्या पिढ्यांना वस्तू परदेशी की देशी एवढेच ओळखायचे होते. आजच्या ग्राहकाला वस्तू देशी, दुकान परदेशी आणि पैसा तिसरीकडे अशी गुंतागुंत सोडवायची आहे.

गावात खर्च झालेल्या रुपयाची वाटचाल पाहिली तर हे सोपे होते. जामनेरच्या दुकानात दिलेल्या रुपयातील नफ्याचा भाग जामनेरच्याच शिंप्याकडे, डॉक्टरकडे, दूधवाल्याकडे आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीत फिरतो. याच तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ साली घरच्या ७ हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेल विकण्यापासून व्यवसायाला सुरुवात केली आणि त्यातून पुढे ठिबक सिंचनाचा जगप्रसिद्ध उद्योग उभा राहिला. छोटा व्यापार ही अशी उद्याच्या उद्योजकांची शाळा असते. पेठ ओस पडते तेव्हा ती शाळाही बंद होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, बसगाड्या थांबल्या, दालनांकडे जाणारे रस्ते बंद झाले. त्या दिवसांत अर्धे शटर वर करून गल्लीला मीठपीठ पुरवणारा कोण होता, हे सर्वांना आठवते. खिशात पैसा नसलेल्यांना त्या वेळी मोबाईलने उधार दिले नाही, वहीने दिले. पण टाळेबंदी उठल्यावर पहिली मोठी रोख खरेदी कोठे झाली, हेही प्रत्येकाने मनाशी आठवून पाहावे.

मधला मार्ग

उपाय काय? दुकानदारासाठी भावनिक आवाहन करून हा प्रश्न सुटणार नाही. सुरुवात दुकानदारापासूनच व्हायला हवी. रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा, असे दोन भाव त्याने उघडपणे पाटीवर लिहावेत. रोख देणाऱ्याला त्याचा लाभ दिसला तर तो थांबेल, आणि उधारी करणाऱ्यालाही आपण किती मोजतो हे कळेल. छापील किंमत ही कमाल आहे, किमान नव्हे, हे त्याने आधी स्वतः मान्य करावे. पावती मागितल्याशिवाय द्यावी. तारीख उलटलेला माल न विकता बाजूला काढावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शांपू, टूथपेस्ट अशा अनेक नित्योपयोगी वस्तूंवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ही सूट ज्याने त्याच दिवशी न मागता दिली त्याचे गिऱ्हाईक तुटणार नाही. चार दुकानदारांनी मिळून माल आणला तर घाऊक भावही उतरतो. आणि फळीच्या अलीकडे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ‘या’ म्हणावे. त्याला भांडवल लागत नाही.

ग्राहकाची बाजू तेवढीच महत्त्वाची आहे. कापसाचा पैसा हाती आला की आधी वही कोरी करावी आणि मग जळगावची बस धरावी. ज्याच्याकडून अडचणीत घेतो त्याला सवडीत टाळणे, हा व्यवहार नव्हे. रोख खरेदीच्या यादीचा निदान काही भाग गावातच द्यावा. मात्र डोळे मिटून नव्हे. भाव विचारून, वजन पाहून, पावती घेऊन. फसवणूक झाली तर गावचा माणूस म्हणून गप्प बसू नये. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला असून १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य मिळते. चोख ग्राहक असला तरच दुकान चोख राहते.

तिसरा मार्ग संघटनेचा आहे आणि त्याचा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. १९४८ साली मुंबईच्या गिरणगावात कामगारांच्या सहकारातून अपना बाजार उभा राहिला. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरलेले बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली आणि तिच्या उभारणीत संगीतकार सुधीर फडके यांचाही वाटा होता. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, पैसे आगाऊ भरायचे, माल मूळ ठिकाणाहून एकदम आणायचा आणि घरच्या घरी वाटून घ्यायचा, अशी ही साधी पद्धत. दुकान नाही, जाहिरात नाही, उधारी नाही. हजारो कुटुंबांनी ती दशकानुदशके चालवून दाखवली. त्यातून स्वस्ताईपेक्षा मोठी गोष्ट मिळाली: आपल्याला खरोखर काय लागते हे आधी ठरवण्याची सवय.

जामनेरच्या दहा-वीस घरांनी असे एकत्र येणे अशक्य नाही. दादर आणि हरभरा तालुक्यातल्याच शेतकऱ्याकडून घेता येईल, उडदाचे आणि नागलीचे पापड बचतगटाच्या भगिनींकडून घेता येतील आणि उरलेल्या बंद पाकिटांची एकत्रित रोख यादी गावातल्याच एखाद्या दुकानदारापुढे ठेवून भाव ठरवता येईल. वीस घरांची रोख मागणी समोर आली तर कोणता दुकानदार दोन रुपये कमी करणार नाही? मग दालनाशी स्पर्धा दुकानदाराला एकट्याने करावी लागणार नाही. त्याची गल्ली त्याच्या बाजूने उभी असेल.

संघशताब्दीच्या निमित्ताने पंचपरिवर्तनाचा विचार घरोघर पोहोचवला गेला. स्वबोध, समरसता, नागरिक कर्तव्य हे शब्द मोठे आहेत. पण त्यांची परीक्षा लहान ठिकाणी होते. दुकानदार शेतमजूर बाईला रांगेतला तिचा क्रमांक देतो की नाही, पगारदार आपली थकलेली उधारी मागण्याआधी फेडतो की नाही, आणि दोघेही पावतीला अविश्वास न समजता शिस्त समजतात की नाही, अशा ठिकाणी.

येत्या एक तारखेला घरोघर किराण्याची यादी होईल. ती झाली की जळगावची पिशवी उचलण्याआधी एकदा गल्लीच्या तोंडाशी थांबावे. वहीत आपल्या नावावर काय आहे ते विचारून तेवढे आधी द्यावे. मग तीच यादी पुढे ठेवून म्हणावे, ‘हे सारे रोख घ्यायचे आहे, भाव सांगा.’ कदाचित पहिल्या महिन्यात भाव जमणार नाही. तरी विचारावे. कारण जामनेरच्या दुकानदाराला हा प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक कितीतरी वर्षांत भेटलेले नाही, आणि त्याचे उत्तर त्यालाही शोधायचे आहे.